दातारबाईंचा उजवा कान

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दातारबाईंच्या दारावर पाटी होती: 'कॉट रिकामी आहे काय, हे विचारण्यासाठी खालील नंबरवर फोन करावा. दारात उभे असलात तरीही फोनच करावा. बेल दूधवाल्यासाठी आहे.' मी वाशीमहून नुकतीच उतरलेली. पाठीवर सॅक, एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात पुस्तकांनी फाटायला आलेली पिशवी. पाटी दोनदा वाचली आणि कोणीतरी थट्टा केली असेल असं समजून बेल वाजवली. दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला, "दूध घेतलंय सकाळी." आता बोला! निमूटपणे पिशवी खाली ठेवली आणि फोन लावला. आत वाजणारी रिंग मला बाहेर ऐकू येत होती.

"बोला, ऐकतेय."

मी माझं ठेवणीतलं मराठी बाहेर काढलं. "नमस्कार. मी आपल्याकडे निवासाच्या संदर्भात चौकशी करू इच्छिते." पलीकडून मग प्रश्न आला, "मघाशी खाली रिक्षावाल्याशी भांडत होतात त्या तुम्हीच का?" मी ओशाळून हो म्हटलं. "तिथे आवाज बरा होता. त्या आवाजात विचारा."

रिक्षावाल्याला मी म्हटलं होतं, "काहून हो भाऊ, मले काय नवीन समजून राहिले का?" त्याच सुरात मी बंद दाराला विचारलं, "कॉट आहे का हो बाई? मी लय दमली." कडी निघाली, दार उघडलं, आणि पुढची सहा वर्षं मी त्या घरात राहिले.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. उंची बेताची, पाठ ताठ, इस्त्रीची सुती साडी आणि पायात घरातही चपला. पिंपरीकडच्या एका मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. एवढ्या वर्षांत त्या हजारो माणसांशी बोलल्या आणि बहुतेकांची तोंडं त्यांनी कधी बघितली नाहीत. त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे. "तोंड बघून काय कळतं? पावडर लावली की झालं," असं त्या म्हणायच्या. कोणी लाडात किंवा तोऱ्यात बोलायला लागलं की तोडून टाकायच्या, "आवाजाला पावडर नको. नुसतं बोला." लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याचं कारण एकीने विचारलं तेव्हा "वेळेवर लाइन मिळाली नाही" एवढंच उत्तर मिळालं आणि वर "गॅसवरची कढी बघ" हेही ऐकावं लागलं.

घरात चार कॉट, त्यांवर आम्ही चौघी भाडेकरू मुली असायचो आणि एकीलाही बाईंनी नावाने हाक मारली नाही. ट्रंक कॉलच्या काळात गावांची नावं तोंडात बसली ती बसली. "उदगीर, नळ बंद कर." "धुळे, घरून फोन आहे तुझा." मी वाशीम. आतल्या खोलीत आणखी एक पाटी होती: 'माझ्याशी बोलताना माझ्या उजव्या हाताला उभे राहावे.' उदगीरचं मत होतं की हा वास्तुशास्त्राचा भाग असावा. मला वाटायचं, पुणेरी खोड आहे, दुसरं काय! असल्या घरात राहायचं तर खोडी मोजत बसून चालत नाही, म्हणून आम्ही उजवीकडूनच बोलायचो.

मी आले होते स्पर्धा परीक्षेसाठी. दोन वर्षांत साहेबीण होऊन परत जायचं, असा बेत. पहिल्यांदा पूर्वपरीक्षा पास झाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता. शाल, पुष्पगुच्छ, सगळं. नुसत्या पूर्वपरीक्षेचा सत्कार! पुढे मुख्य परीक्षेत गाडी अडकली ती अडकलीच. दोनाची सहा वर्षं झाली. गावाला गेले की ती शाल कपाटात दिसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते निवृत्त व्हायला आले. गणपती झाल्यावर त्यांचा फोन आला, "पोरी, आता पुरे झालं ना. दिवाळीले येशीन तं सगळं सामान घेऊनच ये. मंगरूळचं एक स्थळ पाह्यलं आहे, पोरगा चांगला आहे." मी विचारलं, नोकरी लागली तर?  "लागली तर राह्य ना खुशाल. मी काय तुहा दुश्मन आहो का?" दुश्मन नव्हतेच ते. त्यांना चारचौघांत विचारायचे, पोरगी काय करते, आणि त्यांच्याकडे सांगायला काही नसायचं. म्हणजे माझ्या हातात दीड महिना होता. दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर वळकटी बांधून वाशीम.

पहिला इंटरव्ह्यू बाणेरच्या एका ऑफिसात झाला. समोर माझ्याहून लहान मुलगा, लॅपटॉप उघडून बसलेला. "मॅम, टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ." आता आमच्या जगात स्वतःबद्दल सांगायचं म्हणजे जिल्ह्यापासून सुरुवात. परीक्षेच्या मुलाखत मंडळापुढे तसंच बोलायचं असतं, आणि सहा वर्षं आरशासमोर मी तेच घोकलेलं. मी सुरू झाले. वाशीम जिल्हा, सहा तालुके, मुख्य पिकं सोयाबीन आणि तूर, सीमेला लागलेले जिल्हे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. तो बिचारा ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, नाइट शिफ्ट चालेल का? मी पाठ ताठ केली आणि म्हटलं, "सर, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एकीकडे महिलांची सुरक्षितता, दुसरीकडे आर्थिक स्वावलंबन. दोन्हींचा समतोल साधून पुढे जावं लागेल."

"म्हणजे हो का नाही, मॅम?"

मी घरी आले तेव्हा बाई मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "पावसाचं प्रमाण सांगितलंस?"

"सांगितलं."

"वार्षिक सरासरी?"

"हो."

बाईंनी जुडी खाली ठेवली. "मग नोकरी तुला नाही, तुमच्या जिल्ह्याला मिळायला हवी होती."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. रोज चार वाजता, त्यांचा चहा झाल्यावर. मी मागच्या गॅलरीत जाऊन फोन लावायचा, बाई पुढच्या खोलीत फोन उजव्या कानाला लावून बसायच्या. समोर एक स्टीलचं ताट आणि हातात उलथनं. माझा आवाज जरा जरी बनावट झाला की ताटावर टण्! पहिले दोन दिवस आरती चालू असल्यासारखं ताट वाजत होतं. जेवण वाढलं असं समजून धुळे एकदा हात धुऊन आली. मध्येमध्ये सूचना चालूच. "आधी नाव, मग काम. हवापाणी त्यांनी विचारलं तर." "समोरच्याचा प्रश्न संपू दे. तो श्वास घेतोय तेवढ्यात तू घुसू नकोस." "वाक्य संपलं ना? मग थांब. शेपूट ओढत नेऊ नकोस." आठ दिवसांत मी माणसासारखी बोलायला लागले. अडायचं ते एकाच ठिकाणी: सहा वर्षं काय केलंत?

या प्रश्नावर आमच्या पेठेत एक सोय होती. एक ओळखीचे क्लासवाले अनुभवाचा दाखला लिहून द्यायचे, की अमुक वर्षं आमच्याकडे शिकवत होत्या. पुष्कळ जणी घ्यायच्या. मीही घेतला होता, शिक्क्यासकट. फोनवर मी म्हटलं, "या काळात मी एका संस्थेत अध्यापन..." टण्. बरं, दाखला नको. "काही वैयक्तिक कारणांमुळे..." टण्. "या काळात मी स्वतःला घडवण्याचा..." टण् टण् टण्.

माझं डोकंच सणकलं. फोन बंद केला, ताडताड पुढच्या खोलीत गेले आणि ओरडले, "मग काय सांगू? नापास झाले, सहा वर्षं नापासच होतेय, असं सांगू? कोण उभं करील मला?" बाई खिडकीकडे तोंड करून बसलेल्या, फोन अजून उजव्या कानाला दाबलेला. हूं नाही की चूं नाही. मानही वळवली नाही. बाहेर रस्त्यावर स्कूटरचे हॉर्न, आणि मी इथे जीव तोडून बोलतेय! मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, रडायलाच लागले. "ऐकायचंसुद्धा नाही ना तुम्हाला?"

बाई दचकल्या. "कधी आलीस? डावीकडून बोलत होतीस का?" मग उलथनं खाली ठेवून म्हणाल्या, "त्या कानाने मला ऐकू येत नाही. लहानपणी गोवर आला होता, तेव्हापासून."

 सहा वर्षं ती पाटी वाचत होते मी! म्हटलं, "पण तुम्ही तर ऑपरेटर होतात."

"होते ना." आणि मग त्यांनी स्वतःच्या इंटरव्ह्यूची गोष्ट सांगितली. बाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या, वडील नुकतेच वारलेले. घरच्या सगळ्यांनी बजावलं होतं, कानाचं अवाक्षर काढायचं नाही. मावशीने तर कान झाकेल अशी वेणी घालून दिली. साहेबाच्या समोर बसल्या, नाव सांगितलं आणि पुढचं वाक्य बोलल्या ते हे: "साहेब, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. पण तुमचा हेडफोन एकाच कानाचा आहे."

"मग?"

"मग काय. त्याने मुख्य बाईंना बोलावलं, मला टेलिफोनच्या बोर्डावर बसवून बघितलं. सहा जणी एकदम बोलत असायच्या तिथे. बाकीच्यांच्या मोकळ्या कानात तो कलकलाट शिरायचा. माझ्या शिरत नव्हता. घेतलं."

"आणि लपवलं असतं तर?"

"तरी कदाचित घेतलं असतं. पण मग एकतीस वर्षं मान वळवायला घाबरले असते." बाईंनी माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं वाकडं नाही, सरळ. "तुझं काय कमी आहे ते तूच आधी सांग. आणि त्याच दमात सांग, त्यांच्या कामाला त्याचं काय. दुसरा अर्धा भाग शोधायला डोकं लागतं. तो शोध, मी ताट वाजवणार नाही." मी आत जाऊन तो दाखला फाडला. 

मध्ये आणखी तीन ठिकाणी नकार आले. दिवाळी दहा दिवसांवर आली तेव्हा हडपसरचा इंटरव्ह्यू मिळाला. कंपन्यांच्या कामगारांना ने-आण करणाऱ्या बसचा व्यवसाय. कुठली बस कुठल्या रस्त्याने, ड्रायव्हर आला नाही तर कोण, बस बंद पडली तर दुसरी कुठून, हे सगळं सांभाळणारं माणूस त्यांना हवं होतं. समोर मालक, पन्नाशीचे, हातात चहाचा कप, आणि शेजारी लिहून घेणारी एक मुलगी. नाव सांगून झाल्यावर मालकांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं. "ही सहा वर्षं काय केलं?"

"सहा वर्षं परीक्षा दिली, साहेब. पास झाले नाही."

"म्हणजे नापास."

"हो." लिहिणाऱ्या मुलीचं पेन थांबलं. मी पुढचं त्याच दमात बोलले, "पण प्रत्येक निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी अभ्यासिकेत बसलेली असायचे. कोणी बोलावलं नव्हतं. तुमच्याकडे रोज एखादी बस बंद पडत असेल. बिघडल्यावर डोकं धरून न बसणारं माणूस हवं असेल, तर तेवढी सवय मला आहे."

"एखादी?" मालक खळखळून हसले. "लई कमी धरलं तुम्ही!" मला वाटलं, जिंकलं. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढे झुकले. "ते समदं ठीक हाय. आता खरं सांगा. उद्या परत जाहिरात निघाली, की पळणार ना? माझ्याकडं दोघं असेच गेले. एक तर ऑफिसची किल्ली खिशात घालून गेला."

या प्रश्नाची तालीम झालीच नव्हती. कारण मी बाईंनाही सांगितलं नव्हतं की अजून एक प्रयत्न मला द्यायचा आहे. मनाशी ठरवलेलं होतं, शेवटचा. 'नाही' हा शब्द अगदी जिभेवर आला. एकच शब्द, तपासायला कोण येणार होतं? आणि खरं सांगून नकार आला तर सरळ वाशीमची बस.  पण तो 'नाही' बोलून रोज सकाळी या माणसासमोर उभं राहायचं, आणि प्रत्येक जाहिरातीला इकडेतिकडे बघायचं, हे मला नको होतं.

"एक परीक्षा द्यायची राहिली आहे, साहेब. देणार आहे. ती रविवारी असते, तुमच्याकडे रजा मागणार नाही. पास झाले तर माझ्या जागी माणूस तयार करीन, त्याला सगळे रस्ते पाठ करून देईन आणि सांगून जाईन. नाही झाले तर दुसऱ्या दिवशी कामावर येईन."

मालक मागे टेकले. मग त्या मुलीला म्हणाले, "त्या दोघांना हेच विचारलं व्हतं. दोघंबी नाय म्हणाले व्हते." आणि मला म्हणाले, "तीन महिने बघू. सोमवारी या."

स्वारगेटला बस बदलताना गर्दीतच मी बाबांना फोन लावला. "बाबा, दिवाळीले येतो, पण एकच बॅग घेऊन." पलीकडे मग बाबा घरात ओरडले, "अवो, ऐकलं का! पोरीले नोकरी लागली!" आई रडायला लागली, तेही ऐकू आलं. मंगरूळच्या स्थळाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

बाईंनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "अडखळलीस कुठे?" मी शेवटचा प्रश्न आणि उत्तर सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. "परीक्षेचं मला नव्हतं सांगितलंस."

"नव्हतं."

"माझ्यापासून लपवलंस आणि त्याला सांगितलंस."

"हो, बाई. चुकलं माझं."

"चुकलं कसलं? नोकरी तो देणार होता." दुसरा पेढा उचलून त्या म्हणाल्या, "आता एक तारखेला कॉट रिकामी कर. नोकरी लागलेल्या मुली मी ठेवत नाही."

मला वाटलं, ही त्यांची नेहमीची तिरकस बोली. पण नाही, त्या खरंच सांगत होत्या. माझ्या आधी दोघीतिघी नोकरी लागताच निघून गेल्या होत्या, तेव्हा मला वाटलं होतं, त्यांनाच घाई झाली असेल. "तुला आता पगार मिळेल, तू कुठेही राहशील," बाई म्हणाल्या. "जिला पगार नाही, तिला ही कॉट लागते." खरं सांगते, मला राग आला. सहा वर्षं ज्या घरात काढली तिथून असं काढून देतात? पण ज्या दिवशी मी पहिल्यांदा दारात उभी होते त्या दिवशीही कोणीतरी नोकरी लागून गेलेली असणारच, हे डोक्यात आलं आणि मी सामान आवरायला घेतलं.

एक तारखेला टेम्पो खाली लागला. पाया पडायला वाकले तर "वाकू नकोस, पाठ दुखेल" असं म्हणून बाई मागे सरकल्या. मी त्यांच्या उजवीकडे उभी राहून विचारलं, "बाई, माझी आठवण येईल का हो?" मला वाटलं, आता काहीतरी बोचरं ऐकायला मिळणार.

"येईल," बाई म्हणाल्या. "जास्त करून चार वाजता." आणि आत निघून गेल्या.

तीन महिने बघू म्हणणाऱ्या मालकांनी मला चौथ्या महिन्यात सगळ्या ड्रायव्हरांचं वेळापत्रक सोपवलं. पुढच्या वर्षी परीक्षा आली. मी रविवारी पेपर दिले आणि सोमवारी कामावर गेले. निकाल लागला तेव्हा मी आमच्या बसच्या डेपोत उभी होते. यादी वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली बघितली. माझं नाव नव्हतं. एका उभ्या बसच्या मागे जाऊन मी बाईंना फोन लावला.

"बाई, नाही झालं."

 मी रडायला लागले, अगदी हुंदके देऊन. हा शेवटचा होता, आता मी कधीच साहेबीण होणार नव्हते, विहारातल्या त्या शालीचं ऋण कधीच फिटणार नव्हतं. बाईंनी मला थांबवलं नाही, फोन ठेवला नाही, होईल गं सगळं नीट असलं काही म्हटलं नाही. माझा श्वास जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या पहिली बस किती वाजता?"

"पाच वीसला."

"कोण सोडतं ती?"

"मीच."

"मग रड हवं तेवढं. पाच वीसला अजून पुष्कळ वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी पाच वीसची बस पाच वीसला सुटली.